कमाडोत टेम्परेचर प्रोब: कुठे लावायचे, काय वाचायचं आणि कधी दुर्लक्ष करायचं

कमाडो (जाड सिरॅमिकची, झाकणवाली कोळशाची भट्टी) नवीन घेतला की पहिला प्रश्न हमखास हा येतो, की झाकणावर थर्मामीटर आधीच लावून दिलाय, मग वर अजून पैसे घालून प्रोब (टोकाशी टेम्परेचर मोजणारी धातूची दांडी) कशाला घ्यायचे. प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की झाकणावरचा काटा खरंच सांगतो, पण तो झाकणाखालच्या हवेचं सांगतो, आणि आपलं मटण तिथे नसतं, ते खाली जाळीवर असतं. या दोन जागांत सुरुवातीच्या तासाभरात ३०-४० डिग्री फॅरनहाइटचा फरक सहज असतो. शिवाय सिरॅमिकचा स्वभाव असा की ते तापायला वेळ घेतं आणि एकदा तापलं की उतरायला त्याहून जास्त वेळ घेतं, गॅससारखं बटण फिरवून कमी करता येत नाही. त्यामुळे प्रोबचा खरा उपयोग टेम्परेचर वर चढत असताना होतो. जास्त झाल्यावर तो फक्त वाईट बातमी देतो.

मी अमेरिकेत राहतो त्यामुळे इथले आकडे फॅरनहाइटमध्ये देतोय, कंसात सेल्सिअस. उदाहरण म्हणून बोकडाची अख्खी मांडी धरतोय, हलाल दुकानात चार-पाच पाउंडाची मिळते ती, कारण ब्रिस्केट (गाईच्या छातीचं मांस) आणि पोर्क शोल्डरवर (डुकराचा खांदा) इंग्रजीत ढिगाने लिहिलेलं आहे आणि आपल्या घरी दहापैकी नऊ वेळा मटण नाहीतर चिकनच होतं. भांडं 'बिग ग्रीन एग' कंपनीचं असो, 'कमाडो जो' कंपनीचं असो की स्वस्तातलं कुठलं, जाड सिरॅमिक आणि खाली-वर हवेची दारं असली की पुढचं सगळं लागू पडतं. (जाता जाता, दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमधून परतणाऱ्या अमेरिकन सैनिकांनी ही भांडी सोबत आणली आणि १९७४ मध्ये एड फिशरने अटलांटात बिग ग्रीन एग सुरू केलं, तिथून हे परसदारात पसरलं.)

काय लागतं

दोन गोष्टी. एक म्हणजे शिजताना आतच राहणारा वायरवाला सेट, कमीत कमी दोन प्रोबचा, एक जाळीवरच्या हवेसाठी आणि एक मांसात खुपसायला. दुसरं म्हणजे हातात धरून दोन-तीन सेकंदात आकडा देणारा चटकन-थर्मामीटर. बजेट एकाचंच असेल तर मी हातातला आधी घ्या म्हणेन, कारण आत राहणारा प्रोब एकाच जागेचं सांगतो, आणि शेवटी मांडी चार ठिकाणी तपासल्याशिवाय काढू नये.

प्रोबची आतली टेक्नॉलॉजी साधारण दोन प्रकारची असते, थर्मिस्टर आणि थर्मोकपल. थर्मिस्टर स्वस्त आणि मांसाच्या रेंजमध्ये छान अचूक, थर्मोकपल जास्त उष्णता सहन करतो आणि पटकन वाचतो. रोजच्या वापरात एवढा फरक पुरे. पण वायर किती डिग्रीपर्यंत टिकते हे मात्र मॅन्युअलमध्ये शोधून काढा, आणि प्रोबच्या टोकाचा आकडा वेगळा, वायरचा वेगळा आणि धातूची दांडी जिथे वायरला जोडली जाते त्या जोडाचा वेगळा असू शकतो. सगळ्यात छोटा आकडा असेल तोच आपला.

आधी प्रोब खरं बोलतोय का ते बघा

एक उंच ग्लास घ्या, कुटलेला बर्फ काठोकाठ भरा, मग फटी बुजतील एवढंच पाणी घाला. बर्फ पाण्यावर तरंगत असेल आणि खाली नुसतं पाणी असेल तर खालचं पाणी ३२ नसतं, अजून बर्फ घाला. ढवळा, मिनिटभर थांबा, प्रोबचं टोक मधोमध धरा, तळाला आणि कडेला टेकू देऊ नका. ३२ (०) यायला पाहिजे, एखादी डिग्री इकडेतिकडे चालते. चार डिग्री चुकत असेल तर ॲपमध्ये किंवा प्रोब जोडतो त्या आकडा दाखवणाऱ्या डब्यात दुरुस्तीचा पर्याय असतो का बघा, नसेल तर प्रोबवर टेप लावून त्यावर फरक लिहून ठेवा.

मग उकळतं पाणी. इथे लोक फसतात कारण पाणी सगळीकडे २१२ ला उकळत नाही, उंची वाढली की उकळबिंदू उतरतो, साधारण दर पाचशे फुटाला एक डिग्री फॅरनहाइट. अटलांटा हजार फुटांवर आहे, तिथे २१० च्या आसपास. डेन्व्हरला २०३ च्या आसपास. पुण्यात कोणी करत असेल तर ९८ सेल्सिअस आला म्हणून प्रोब परत पाठवू नका, पुण्याच्या उंचीला तो बरोबरच आहे. मुंबईत मात्र १०० यायला पाहिजे.

त्याच पातेल्यात झाकणावरचा काटेवाला थर्मामीटरही तपासून घ्या. तो काढता येतो, दांडी पाण्यात धरायची, आणि चुकत असेल तर बहुतेकांना मागे एक नट असतो तो पान्याने धरून चकती फिरवली की काटा हलतो.

जाळीवरचा प्रोब

लंप कोळसा (लाकडाचे ओबडधोबड तुकडे) भरा, ब्रिकेट (भुकटी दाबून केलेल्या वड्या) नको, त्याची राख जास्त होते आणि खालची हवेची वाट बुजते. मंद शिजवायचं असेल तर कोळसा भरपूर भरायचा पण पेटवायचा एकाच जागी, मधोमध. चार ठिकाणी पेटवला तर २५० ला रोखणं कठीण जातं. वर उष्णता अडवणारी सिरॅमिकची प्लेट, तिच्यावर ठिबक पकडायला ट्रे (प्लेटला थेट टेकवू नका, खाली फॉइलचे गोळे ठेवून थोडी उचला, नाहीतर पडलेली चरबी जळून कडू धूर होतो), मग जाळी.

प्रोब सेटसोबत एक क्लिप येते, ती जाळीला अडकवून प्रोब तीत घालायचा, टोक जाळीपासून जरा वर राहिलं पाहिजे. पण जाळीवर नेमकं कुठे, यातच सगळी गोम आहे. प्लेटच्या कडेभोवती जी मोकळी फट राहते त्यातून गरम हवा वर येते, भिंतीला धरून झाकणापर्यंत जाते. त्या फटीच्या वर प्रोब ठेवला तर तो भलताच चढा आकडा दाखवणार, आणि तुम्ही हवा कमी करत बसणार आणि मधे मांडी थंडच. उलट मांडीला चिकटून ठेवला तर फ्रिजमधून आलेल्या मांसाभोवतीची गार हवा मोजणार, मग तुम्ही दारं उघडत जाणार आणि तासाभराने सगळं भडकणार. तर मांसापासून दोनेक इंच लांब, आणि अजूनही प्लेटच्या सावलीतच, ही जागा. छोट्या कमाडोत अशी जागा फारशी उरत नाही, तिथे मांडी थोडी एका बाजूला सरकवा.

झाकणाचा काटा पण बघत राहा. पहिल्या तासात काटा २८० आणि जाळी २४५ असेल तर काही बिघडलेलं नाही, तास-दोन तासांनी दोन्ही जवळ येतात. दोघांत कुठला खरा म्हणून वाद घालण्यात अर्थ नाही, जुन्या रेसिपी बऱ्याचदा झाकणाच्या आकड्यावर लिहिलेल्या असतात, नव्या जाळीच्या, कुठला ते बघा आणि एकालाच धरून चला. एक मात्र तपासा, मांस उंच असेल तर झाकण बंद केल्यावर काट्याची दांडी त्याच्या अगदी जवळ येते किंवा चक्क त्यात घुसते, आणि मग काटा १५० दाखवतो आणि माणूस घाबरून दार उघडतो.

वायर कुठून काढायची

झाकण आणि खालच्या भागामध्ये गॅस्केट (फट बुजवणारी मऊ पट्टी) असतं, ते थोडं दबतं, त्यामुळे वायर त्यावरून बाहेर काढून झाकण बंद केलं तरी चालतं, थोडी हवा जाते, त्याने फरक पडत नाही. बिजागरीच्या बाजूने काढू नका, तिथे दाब जास्त येतो आणि वायर चेपते. पुढून किंवा बाजूने काढा, दरवेळी त्याच बिंदूवर दबणार नाही असं बघा, आणि झाकण उघडताना वायर ओढली जाणार नाही एवढी सैल सोडा. आतली जादा वायर जाळीवर गुंडाळून ठेवा, फटीतून कोळशावर लोंबू देऊ नका. काही जण काटा काढून त्या भोकातून वायर आत सोडतात, ते नीटनेटकं दिसतं पण मग झाकणाचा आकडा जातो, मला ते पटत नाही. वरच्या धुराच्या तोंडातून तर नकोच, तिथली हवा सगळ्यात गरम.

टेम्परेचर चढवणं

इथे घाई करणाऱ्याची रात्र वाया जाते. समजा जाळीला २५० (१२१) पाहिजे. पेटवल्यावर झाकण दहा मिनिटं उघडं, मग प्लेट-जाळी लावून बंद, खालचं दार दोन इंच, वरचं पूर्ण उघडं. आकडा १८० ला आला की खालचं इंचभर करा. २१० ला आला की वरचं अर्ध्याहून कमी, खालचं अर्धा इंच. शेवटचे ४० डिग्री हळूहळू चढू देत, अर्धा तास लागला तरी लागू दे. दार हलवल्याचा परिणाम प्रोबवर दिसायला पंधरा-वीस मिनिटं जातात, म्हणून एक बदल करायचा आणि हात मागे घ्यायचा. पाच मिनिटांत काही झालं नाही म्हणून परत हलवलं की दोन्ही बदल एकदम अंगावर येतात.

आणि २५० दिसलं म्हणजे तयार झालं असंही नसतं. हवा लवकर तापते, सिरॅमिक नंतर. खापराचा तवा जसा वरून गरम लागतो पण पहिली भाकरी कच्चीच निघते, तसंच. याची एक सोपी परीक्षा आहे, झाकण अर्धं मिनिट उघडून बंद करा आणि जाळीचा प्रोब बघत राहा. आकडा पाच-सात मिनिटांत परत जागेवर आला तर भिंती मुरल्यात. वीस मिनिटं रेंगाळला तर अजून अर्धा तास द्या. तोपर्यंत पांढरा दाट धूर पण संपतो, पातळ निळसर झाला की मग मांस आत.

मांस ठेवल्यावर आकडा धाडकन खाली येईल, २०० च्या पण खाली. काहीही करू नका. आगीची ताकद तेवढीच आहे, फक्त मधे थंड मांस आलंय, अर्ध्या तासात येतो परत. या अर्ध्या तासात दार उघडणारा माणूस पुढचे दोन तास ३०० शी भांडत बसतो. आणि चुकून ३०० ला गेलंच तर झाकण उघडून थंड करायला जाऊ नका, त्याने कोळशाला उलट हवा मिळते. दोन्ही दारं जवळजवळ बंद करून वाट बघा, तासभर लागतो. खरं सांगायचं तर मटणाला २७५-३०० ने काही होत नाही, तिथेच स्थिर करून शिजवा, लवकर होईल एवढंच.

अलार्म लावताना जाळीसाठी खालचा २२५ आणि वरचा २८५ असा रुंद ठेवा. पाच-दहा डिग्रीच्या चढउताराला फोन वाजायला लागला तर रात्री दोन वाजता तुम्ही तो बंद करणार आणि मग खरं विझलं तेव्हा कळणारच नाही.

मांडीतला प्रोब

आपल्या पद्धतीने मांडीला खोल चिरा देऊन दही-मसाला भरलेला असतो, आणि इंग्रजी मॅन्युअल हे गृहीत धरत नाही. प्रोबचं टोक चिरेत गेलं तर तो मसाल्याचं आणि हवेचं टेम्परेचर सांगणार, जे मांसाच्या २०-३० डिग्री पुढे असू शकतं. म्हणून चिरा देतानाच सगळ्यात जाड भागात एक पट्टा न चिरता ठेवा, प्रोबसाठी. बाजूने, हाडाला समांतर खुपसा, हाडाला टेकलं की कटकन लागतं, मग थोडा मागे घेऊन दिशा बदला. हाड मांसापेक्षा वेगळ्या गतीने तापतं, त्याला टेकलेला आकडा काही कामाचा नाही. खुपसताना मुद्दाम जरा जास्त आत घाला आणि डब्याकडे बघत हळूहळू मागे ओढा, आकडा खाली जात जात जिथे सगळ्यात कमी होतो आणि परत वाढायला लागतो, तो मध्य. तिथे सोडा. जाडी कमी असेल तर तिरपा घाला, दांडीचा जास्तीत जास्त भाग मांसात राहिला पाहिजे, नाहीतर बाहेरची गरम दांडी टोकापर्यंत उष्णता नेते.

किती डिग्रीला काढायचं? अमेरिकेच्या कृषी खात्याचा सुरक्षिततेचा आकडा मटणाच्या अख्ख्या तुकड्याला १४५ (६३) आणि तीन मिनिटं विश्रांती, खिम्याला १६० (७१), कोंबडीला १६५ (७४). पण १४५ ला बोकडाची मांडी गुलाबी आणि चिवट असते, आपल्या घरात ती कोणी खाणार नाही. शिवाय तो आकडा जंतू बाहेरच्या पृष्ठभागावरच असतात असं धरून आहे, चिरा मारून मसाला आत कोंबला की ते आत गेले. आपल्याला हाडावरून सुटणारं पाहिजे, म्हणजे १९५ ते २०३ (९० ते ९५). त्यात कोलॅजनचं (मांसातल्या चिवट धाग्यांचं) मऊ जिलेटिन व्हायला वेळही लागतो, नुसता आकडा गाठून भागत नाही, म्हणून १९५ नंतर प्रोबचा आकडा विसरा आणि प्रोब हातात घेऊन चार ठिकाणी खुपसून बघा, लोण्यात गेल्यासारखा गेला की झालं. एका जागी अडखळत असेल तर अजून वीस मिनिटं.

कच्ची पपई लावली असेल तर कमी लावा. मंद आचेवर मांस कोमट अवस्थेत फार वेळ राहतं आणि पपई तेवढा वेळ काम करत राहते, वरचा थर पिठूळ होतो. तंदुरात हा त्रास नाही, तिथे काही मिनिटांत सगळं पार पडतं.

१५० ते १७० च्या दरम्यान आकडा थांबतो. तासभर, कधी जास्त. प्रोब बिघडला नाही, विझलंही नाही (जाळीचा प्रोब बघा, तो २५० ला असेल तर आग ठीक आहे, दोन प्रोब याचसाठी लागतात). मांसातलं पाणी वर येऊन वाफ होतं आणि त्यात आत येणारी उष्णता खर्च होते, घाम आल्यावर अंग गार पडतं तेच. दह्याचा ओला थर असेल तर हे अजून लांबतं. बोकडाच्या मांसात चरबी कमी, म्हणून मी या टप्प्यावर वाट न बघता १६० ला रंग आला की फॉइलमध्ये गुंडाळतो, आत अर्धी वाटी स्टॉक आणि चमचाभर तूप. प्रोब परत लावताना फॉइलमधून वरच्या बाजूने खुपसा, खालून भोक पडलं तर रस सगळा ट्रेत. २७५ ला चालवलं तर अशी मांडी साधारण चार-पाच तासांत होते, पण घड्याळ बघून पाहुण्यांना जेवणाची वेळ सांगू नका, तासभर हाताशी ठेवा.

अख्ख्या कोंबडीला दोन प्रोब लागतात. एक छातीत, मानेच्या बाजूने आडवा, सगळ्यात जाड जागी, दुसरा तंगडीच्या वरच्या भागात, हाड टाळून. छाती १६५ ला काढायची आणि मांडीचा भाग १७५-१८० ला जास्त चांगला लागतो, त्यामुळे तंगड्या मागच्या, जास्त गरम बाजूला करा.

बिनवायरचे आणि पंखेवाले

बिनवायरचे प्रोब सोयीचे, पण जाड सिरॅमिक ब्लूटूथ बराच खातं. रिपीटर (सिग्नल पुढे पाठवणारं यंत्र) किंवा चार्जिंगचा डबा कमाडोच्या जवळ ठेवा, फोन घरात न्या. यात हवेचा सेन्सर दांडीच्या मागच्या टोकाला असतो, म्हणजे मांसापासून इंचभरच, त्यामुळे तो जाळीचं टेम्परेचर कमीच सांगतो, त्यावर दारं हलवू नका. आतलं इलेक्ट्रॉनिक्स मांसाच्या आत राहिलं तरच वाचतं, म्हणून दांडीवरच्या खुणेपर्यंत पूर्ण खुपसायचं, आणि उघड्या निखाऱ्यावर अजिबात नाही.

खालच्या दाराला पंखा लावणारे कंट्रोलर पण मिळतात, जाळीच्या प्रोबवरून ते हवा कमीजास्त करतात. रात्रभराच्या ब्रिस्केटला छान, चार तासांच्या मांडीला मला तरी गरज वाटत नाही. वापरत असाल तर वरचं तोंड जवळजवळ बंद ठेवा, आणि क्लिप पक्की आहे ना बघा. प्रोब निसटून बाहेर आला तर कंट्रोलरला वाटतं आत थंडी आहे, आणि तो जीव खाऊन फुंकत राहतो.

जास्त आचेवर आणि नंतर

५०० च्या वर काही भाजायचं असेल, नान, पिझ्झा, कबाबचा शेवटचा रंग, तर वायरवाले सगळे प्रोब आधी बाहेर. ३५०-४०० च्या पुढे झाकण एकदम उघडायचं नाही, आधी दोन इंच, चार-पाच सेकंद थांबून मग पूर्ण, नाहीतर कोंडलेल्या आगीला हवा मिळून ज्वाळा तोंडावर येते. हाताचे केस जातात ते जातातच, वायरचं वेष्टन पण जळतं.

झाल्यावर मांस बाहेर काढा, दारं बंद करून आतच ठेवू नका, सिरॅमिक तासन्‌तास गरम राहतं आणि आत शिजणं चालूच राहतं. बाहेरही पाच-दहा डिग्री चढतातच. मांडीला अर्धा तास फॉइलमध्येच विश्रांती, प्रोब आत असू दे, १५० च्या खाली यायच्या आत वाढायला घ्या.

प्रोब गरम असताना पाण्यात टाकू नका. ओल्या फडक्याने आणि साबणाने दांडी पुसा, पण जिथे वायर सुरू होते तो जोड नळाखाली धरायचा नाही, डिशवॉशरचं नाव पण काढू नका. तिथून पाणी आत गेलं की प्रोब उद्या खोलीतच १९० दाखवतो. वायर सैल गुंडाळा, जोडाजवळ मोडू नका, आणि एक जादा प्रोब घरात ठेवा, कारण तो जातो तेव्हा मांडी आतच असते आणि दुकान बंद.